खाण्याच्या विकारांमागचे मन आणि वॉर्डातील परिचारिका

बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा हा प्रश्न आहे. मनोविकार विभागातील तिच्या पोस्टिंगमध्ये सतरा वर्षांची एक मुलगी दाखल झाली आहे आणि निदान ॲनोरेक्झिया नर्व्होसा, म्हणजे अन्न नाकारून वजन धोकादायक पातळीपर्यंत उतरवण्याचा विकार, असे आहे. मुलगी पोळीचे बारीक बारीक तुकडे करून तासभर ताटाशी बसते, उरलेले लपवते, विचारले तर ‘खाल्लं’ म्हणते आणि आई जवळ असली की दोघींचे भांडण होते. या आजारामागची मानसिक कारणे कोणती आणि केअर प्लॅनमध्ये, म्हणजे शुश्रूषेच्या लेखी आराखड्यात, परिचारिकेने नेमके काय करायचे, असे विद्यार्थिनीने विचारले आहे. शेवटी तिने एक वाक्य जोडले आहे : ‘मला तिचा राग येतो, हे चूक आहे का?’

मी सव्वीस वर्षे मनोविकार विभागात काम केले आहे, त्यातली शेवटची काही वर्षे शिकवण्यात गेली, आणि तुमच्या प्रश्नातले हे शेवटचे वाक्यच मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. राग येणे चूक नाही. शेजारच्या खाटेवरचा रुग्ण जगण्यासाठी धडपडत असताना समोरची हुशार, सुशिक्षित घरातली मुलगी हातातला घास नाकारते, हे पाहून अनुभवी सिस्टरही चिडतात. मात्र हा राग एका समजुतीवर उभा असतो, ती म्हणजे ‘ही हे मुद्दाम करते आहे’. ती समजूत कितपत खरी आहे हे तपासले, की आजारामागची कारणेही समजू लागतात आणि केअर प्लॅनचा अर्धा भागही सुचतो.

पहिली गोष्ट ही, की तुमच्या रुग्णेच्या वागण्यातला कितीतरी भाग तिच्या स्वभावाचा नाही, आणि एका अर्थाने तिच्या आजाराचाही नाही. तो उपासमारीचा आहे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी नोव्हेंबर १९४४ मध्ये छत्तीस निरोगी तरुणांवर एक अभ्यास सुरू केला. युद्धात शस्त्र धरण्यास नकार दिलेले हे तरुण स्वेच्छेने त्यात सहभागी झाले होते. चोवीस आठवडे त्यांना अर्धपोटी ठेवण्यात आले आणि त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. त्यापुढचे वर्णन कोणत्याही ॲनोरेक्झियाच्या केस पेपरमध्ये शोभेल असे आहे. त्यांच्या बोलण्यात आणि स्वप्नांत अन्नाखेरीज काही उरले नाही. काही जण पाककृतींची पुस्तके जमवू लागले. समोर आलेले जेवण ते तुकडे करकरून, मिसळून, तासन्‌तास पुरवून खाऊ लागले. ते चिडखोर झाले, एकलकोंडे झाले, त्यांचे लक्ष लागेना. काहींनी चोरून भरपूर खाल्ले आणि मग स्वतःला दोष देत राहिले. अन्न पुन्हा पुरेसे मिळू लागल्यावरही हे सारे लगेच गेले नाही. यातल्या एकाही तरुणाला आधी खाण्याचा विकार नव्हता.

म्हणून तुमची रुग्णा पोळीचे तुकडे करते तेव्हा तिथे ‘नाटकी’ असे काही नसते. उपाशी मेंदू असाच वागतो. जेवल्यावर ‘पोट फुटेल असं वाटतंय’ ही तिची तक्रारही बहाणा नसते, कारण दीर्घ उपासमारीत जठर रिकामे व्हायला खरोखरच जास्त वेळ लागतो. याचा उपचारावर थेट परिणाम होतो. वजन फार उतरलेले असताना बालपणाची खोल चर्चा करून फारसे काही हाती लागत नाही, कारण विचारांची लवचिकताच तेव्हा हरवलेली असते. आधी शरीर सावरायचे. मनावरचे काम त्यासोबत सावकाश सुरू करायचे आणि वजन वाढेल तसे वाढवत न्यायचे.

उपासमारीचा हा थर बाजूला केल्यावर जे उरते ते खरे मानसिक कारण, आणि त्याच्या गाभ्याशी एक विचित्र हिशेब असतो. आपण स्वतःची किंमत अनेक गोष्टींवरून ठरवतो : अभ्यास, मैत्री, घरातले स्थान, हातातली कला. या मुलीच्या मनात ती सारी किंमत वजन, आकार आणि खाण्यावरचा ताबा या एकाच खात्यात जमा झालेली असते. त्यामुळे अर्धा किलो वाढणे म्हणजे तिच्या लेखी माणूस म्हणून नापास होणे. तुम्ही वाटीभर वरण पुढे करता तेव्हा तिच्यापुढे नेमके काय ठेवले जाते, हे यावरून लक्षात यावे.

हा हिशेब कुठून येतो, याचे एकच उत्तर नाही. परिपूर्णतेचा ध्यास बहुतेकींमध्ये दिसतो, आणि तो वजनाच्या कितीतरी आधीपासून असतो : वहीत खाडाखोड झाली तर पान फाडणारी, पंच्याण्णव टक्के मिळाल्यावर गेलेल्या पाच टक्क्यांसाठी रडणारी मुलगी. अशा मुलीचे सारे घर तिचे कौतुक करत असते आणि आत तिला स्वतःविषयी काहीही चांगले वाटत नसते. दुसरी गोष्ट नियंत्रणाची. वयात येताना शरीर आपल्याला न विचारता बदलते, दहावी-बारावीचे निर्णय दुसरेच घेतात, घरातल्या ताणावर आपला इलाज चालत नाही. अशा वेळी वजनकाट्यावरचा आकडा ही एकच गोष्ट आपल्या हातात आहे असे वाटू लागते. तिसरी गोष्ट भावनांची. राग, दुःख, एकटेपण ओळखता येत नाही, सांगता येत नाही आणि सोसवत नाही, तेव्हा भूक त्यांना बधिर करते. अनेक मुलींनी मला वेगवेगळ्या शब्दांत हेच सांगितले आहे, की उपाशी असताना आतले सगळे शांत होते. लैंगिक अत्याचार किंवा छळाचा इतिहास काहींच्या बाबतीत असतो. तो शोधण्यासाठी उलटतपासणी करू नये, पण तो निघाला तर दचकून विषयही बदलू नये. आनुवंशिकतेचा वाटाही मोठा आहे, हे जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसलेले आहे.

‘आई जबाबदार’ हे जुने गृहीतक तुम्हाला काही पुस्तकांत अजून भेटेल. त्यावर विश्वास ठेवू नका. घरातला ताण हा आजार टिकवू शकतो, पण जो ताण आपल्याला दिसतो तो पुष्कळदा आजाराने निर्माण केलेला असतो. रोज तीन वेळा जेवणावरून युद्ध होणाऱ्या घरात कोण शांत राहील?

आपल्या समाजाविषयी मात्र थोडे सविस्तर बोलायला हवे. फिजी बेटांच्या एका भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. भरलेले अंग जिथे परंपरेने चांगले मानले जात होते, तिथल्या शाळकरी मुलींमध्ये तीन वर्षांत वजन उतरवण्याची धडपड आणि खाण्याविषयीचे विकृत विचार ठळकपणे वाढलेले आढळले. आपल्याकडे टीव्हीची आणि मोबाइलची भर पडण्याआधीपासूनच आत्या, मावश्या आणि शेजारणी हे काम करत आल्या आहेत. ‘जरा सुटलीस गं’, ‘आता स्थळं बघायची आहेत, पोळ्या कमी कर’, ही वाक्ये प्रेमाने म्हटली जातात आणि वर्षानुवर्षे मुलीच्या कानात राहतात. मात्र जाड होण्याची भीती हे एकच लक्षण धरून बसू नका. हाँगकाँगमधील रुग्णांविषयी १९९० च्या दशकात झालेल्या कामातून, आणि भारतातील रुग्णांच्या वर्णनांतूनही, असे दिसले की काही जणींना ही भीती नसते; त्या फक्त ‘भूक लागत नाही’, ‘गॅस होतो’, ‘मळमळतं’ एवढेच म्हणतात. अशी मुलगी आधी पोटाच्या डॉक्टरांकडे जाते, क्षयाच्या तपासण्या होतात, पाळी गेली म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे फेरी होते आणि मनोविकार विभागात ती पोहोचते तेव्हा दीड-दोन वर्षे उलटलेली असतात. मुलगे तर याहून उशिरा येतात, कारण व्यायामशाळेतल्या मेहनतीच्या आड त्यांचा आजार कोणाला दिसतच नाही.

उपवास हा असाच एक आडोसा आहे. संकष्टी, गुरुवार, एकादशी, नवरात्र, श्रावणी सोमवार हे सारे ज्या घरात पाळले जाते, तिथे न खाणे हे पुण्य असते आणि त्यावर कोणी प्रश्न विचारत नाही. उपवासाला मी नावे ठेवत नाही. मी स्वतः एकादशी करते. इतिहास घेताना मात्र मी हमखास विचारते, की उपवास कधीपासून वाढले, घरातले इतर करतात का, आणि उपवास सोडताना ती सगळ्यांबरोबर जेवते का. आजी द्वादशीला पानावर बसते आणि नात बसत नाही, एवढी एक माहिती मला लांबलचक प्रश्नावलीपेक्षा जास्त सांगून जाते.

बुलिमिया नर्व्होसाविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण तोही वॉर्डात भेटेल, म्हणून थोडक्यात सांगते. लंडनमध्ये जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये त्याचे स्वतंत्र वर्णन केले. इथे वजन पुष्कळदा सर्वसाधारण असते, त्यामुळे तो नजरेतून निसटतो. कडक पथ्य, त्यातून अनावर खाणे, मग लाज, ते भरून काढण्यासाठी उलटी किंवा रेचके, आणि पुन्हा अधिक कडक पथ्य, असे हे चक्र फिरत राहते. ॲनोरेक्झियात मुलगी आजाराला जपते. बुलिमियात तिला त्याची किळस वाटते, आणि ती किळसच तिला गप्प ठेवते. बोटांच्या पेरांवरचे घट्टे, कानाखालच्या लाळग्रंथींची सूज, दातांची झीज यांवर लक्ष ठेवा आणि पोटॅशियमचा रिपोर्ट आला की तो त्याच शिफ्टमध्ये डॉक्टरांना दाखवा, कारण उलट्या-रेचकांनी ते उतरले की हृदयाची लय बिघडायला वेळ लागत नाही. उपचारात चक्र तोडण्याची जागा बहुतेक वेळा सुरुवातीचे कडक पथ्य ही असते; त्याच्या जागी दिवसभर ठरावीक अंतराने नियमित खाणे आणायचे. रुग्णेला मात्र ते नेमके उलटे वाटते, आणि हे तिला पुन्हा पुन्हा, न कंटाळता समजावून सांगणे परिचारिकेच्या वाट्याला येते.

आता तुमच्या रुग्णेकडे वळू. केअर प्लॅनमध्ये पहिले स्थान शरीराला द्या. नाडी, झोपून आणि उभे राहून घेतलेला रक्तदाब, तापमान, ईसीजी, इनटेक-आउटपुट (पोटात किती गेले आणि बाहेर किती पडले याची नोंद) आणि रक्तातील क्षार यांत हयगय नको. आणि रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून निर्धास्तही होऊ नका, कारण शरीर शेवटपर्यंत आकडे सांभाळत राहते. दहा दिवसांहून अधिक काळ जवळजवळ काहीच न खाल्लेल्या रुग्णाला अन्न पुन्हा सुरू करताना रिफीडिंग सिंड्रोमचा धोका असतो. पिष्टमय पदार्थ मिळताच इन्सुलिन वाढते, फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम रक्तातून पेशींमध्ये ओढले जातात आणि थायमिनची (ब-१ जीवनसत्त्वाची) उणीव उघडी पडते. सूज, गोंधळलेपण, श्वासाचा त्रास, हृदयाची अनियमित लय ही त्याची रूपे. सर्वाधिक जपायचा काळ पहिला आठवडा. ‘फार अशक्त आहे’ म्हणून घाईने लावलेले डेक्स्ट्रोजचे, म्हणजे साखरेचे, सलाईन इथे घातक ठरू शकते. थायमिन आधी दिले आहे का, हे डॉक्टरांना विचारण्यात संकोच करू नका. आणि नातेवाइकांनी कौतुकाने आणलेला शिऱ्याचा डबा पहिल्या दिवसांत का चालणार नाही, हे त्यांना नीट समजावून सांगा, नाहीतर ‘खाऊ द्या म्हणता आणि खाऊ देत नाही’ असा त्यांचा गोंधळ होतो.

जेवणाची वेळ हीच या आजारातली खरी उपचाराची वेळ आहे, आणि ती जवळजवळ पूर्णपणे परिचारिकेच्या हातात असते. किती आणि काय खायचे हे आहारतज्ज्ञ आणि डॉक्टरांबरोबर आधीच ठरलेले असावे, आणि ताटावर त्याची फेरचर्चा होऊ नये. ‘अर्धीच पोळी खा, मग चालेल’ अशी दयाबुद्धीने दिलेली सूट आजाराला मिळते. तिला काहीच मिळत नाही, उलट पुढच्या जेवणाला नव्याने वाटाघाट सुरू होते. तिच्याजवळ बसा, शक्य असेल तर स्वतःही काही खा, बोलायचे तर शाळा, मालिका, पाऊस यांविषयी बोला. घासाघासावर नजर रोखू नका. मुख्य जेवणाला अर्धा तास आणि मधल्या खाण्याला पाव तास अशी मर्यादा बहुतेक ठिकाणी ठेवतात. वेळ संपली की न रागावता ताट उचलायचे आणि राहिलेल्याची भरपाई आधी ठरल्याप्रमाणे करायची. ती थांबली, तर ‘हे किती कठीण जातंय ते मला दिसतंय, तरी पुढचा घास घ्यायचा आहे’, असे एकाच आवाजात म्हणता आले पाहिजे. यातले पहिले अर्धे वाक्य गाळले की दटावणी होते आणि दुसरे गाळले की शरणागती.

जेवणानंतरचा तास तिच्यासाठी सर्वांत वाईट असतो, कारण अपराधीपणा तेव्हा उसळतो. त्या तासाला तिला एकटे सोडू नका. बाथरूमवर पहारा ठेवला आहे असे त्याचे रूप होऊ नये. कॅरम, विणकाम, वॉर्डातल्या मावशींबरोबर गप्पा, काहीही चालेल. आमच्याकडे एका मुलीने या तासांमध्ये अख्ख्या वॉर्डाला ओरिगामी शिकवली होती.

अन्न लपवलेले सापडले, तर इतर रुग्णांसमोर खाट झाडून ते दाखवू नका. बाजूला घेऊन सरळ सांगा : ‘मला हे सापडलं. दुपारचं जेवण फार अवघड गेलं असणार. मला ते लिहावं लागेल आणि उद्या मी तुझ्याजवळ बसेन.’ यात खोटे काही नाही, आरोप नाही आणि सूटही नाही. आजाराला तिच्यापासून वेगळे ठेवून बोलण्याची सवय लावून घ्या. ‘तू खोटं बोलतेस’ आणि ‘हा आजार तुला खोटं बोलायला लावतो’ या दोन वाक्यांत तिच्या बाजूने फार मोठा फरक असतो. वजन ठरलेल्या दिवशी, सकाळी, लघवी झाल्यावर, त्याच काट्यावर घ्यावे. ते वाढले तरी शाबासकी नको आणि घटले तरी चेहरा पाडणे नको.

शब्दांविषयी माझी स्वतःची एक चूक सांगते. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, महिनाभर मेहनत घेतलेल्या एका मुलीला मी राउंडच्या आधी आनंदाने म्हटले, ‘आज किती छान दिसतेस, गाल भरलेत!’ तिने पुढचे दोन दिवस पाण्याखेरीज काही घेतले नाही. ‘छान’ हा शब्द तिला ऐकूच गेला नव्हता, ‘भरलेत’ तेवढा गेला. तेव्हापासून दिसण्याविषयी मी चांगले-वाईट काहीच बोलत नाही. ‘आज तू जोरात हसलीस’, ‘आज पुस्तकाची वीस पानं वाचलीस’, हे म्हणते.

तुमच्या रागाचा परिणाम टीमवरही होतो. अशी रुग्णा एका सिस्टरला ‘तुम्हीच मला समजता’ म्हणते आणि दुसरीला क्रूर ठरवते. ती हे डाव म्हणून करत नाही, भीतीतून सुटायची वाट शोधत असते. मग सकाळच्या ड्युटीवरची नियम पाळते, रात्रीची सूट देते आणि दोघी एकमेकींवर नाराज होतात. यावर उपाय म्हणजे शिफ्ट बदलताना दहा मिनिटे याच रुग्णेवर बोलणे, आणि ‘मला आज तिचा फार राग आला’ हे तिथे म्हणण्याची मुभा असणे. राग तिथे बोलला गेला की तो ताटापाशी येत नाही. तुम्ही विद्यार्थिनी आहात, तरी तुमच्या प्रशिक्षक मॅडमशी हे बोला.

ती अठरा वर्षांखालची आहे, म्हणजे मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे तिला पालकांच्या अर्जावरून दाखल केले जाते, आणि पालक म्हणून वडील असतील तर पूर्ण काळ तिच्यासोबत स्त्री मदतनीस असावी लागते. तुमच्याकडे बहुधा ती जागा आईनेच घेतली असेल, म्हणून भांडणे जास्त दिसतात. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात १९८० च्या दशकात जी कुटुंबाधारित पद्धत घडली, तिच्यात पालकांना दोषी न धरता जेवू घालण्याची जबाबदारी सुरुवातीला त्यांच्याकडेच सोपवली जाते, आणि किशोरवयीन मुलींमध्ये तिचे परिणाम चांगले आहेत. आईला एकदा वेगळे बसवून चहा द्या. तिला कदाचित पहिल्यांदाच मोकळेपणी रडायचे असेल. मग जेवणाच्या वेळी तुम्ही कशा बसता, काय बोलता, हे तिला शेजारी बसून पाहू द्या, आणि डिस्चार्जच्या आधी निदान काही जेवणे तिने तुमच्या देखत मुलीला द्यावीत. घरी रात्रीच्या जेवणाला तिच्याजवळ कोण बसणार, येत्या नवरात्रात उपवासाचे काय करायचे, पाहुण्यांनी अंगावरून काही म्हटले तर कोण उत्तर देणार, हे सारे नावानिशी ठरवून लिहून द्या.

एक गोष्ट मात्र मुलीला थेट विचारायचीच आहे : ‘जगू नये असं वाटतं का?’ ॲनोरेक्झियाने दगावणाऱ्यांपैकी सुमारे पाचात एक मृत्यू आत्महत्येने होतो. न विचारण्याने धोका कमी होत नाही. डिस्चार्ज कार्डावर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लिहून द्या आणि तो आईच्याही फोनमध्ये सेव्ह करून घ्या.

केअर प्लॅन लिहिताना ‘रुग्णा सहकार्य करत नाही’ हे वाक्य टाळा, कारण त्यावरून रात्रीच्या सिस्टरला काहीच कळत नाही. त्याऐवजी असे लिहा : ‘दुपारी दीड वाजता जेवण दिले. तीस मिनिटांत एक पोळी आणि अर्धी वाटी वरण घेतले. भात नाकारला, तेव्हा रडली. जेवणानंतर तासभर विद्यार्थिनी परिचारिका सोबत होती. आईशी भांडण झाले नाही. राहिलेल्याची भरपाई चार वाजता दुधातून केली, ती पूर्ण घेतली.’